डोळे आखायच्या आधी

हसा, तुमचं काय जातंय, छड्या तुमच्या नातीला थोड्याच बसल्या... माझ्या नातीला, भूमिकेला बसल्या, दोन, उजव्या हातावर, आणि खऱ्या त्या माझ्या होत्या.

मी गुणाजी, चौथी पास, जोहे गावात चाळीस वर्षं गणपती करतो. माझ्या साच्यातली सोंड कधी वाकडी निघाली नाय. एक साचा, सारे गणपती. नात पाचवीत, इंग्रजी नवीन, वहीत एकाचे अनेक लिहीत होती. मी डोकावलो. इंग्रजी मला येतं, मुंबईला जाणाऱ्या खोक्यांवरून. कुत्र्याला शेवटी एस, टोपीला एस, ठीक... आणि माणसाला एस नाय, पोराला भलतंच शेपूट!

"हे काय गो? पूस. सगळ्यांना एस लाव."

"आजोबा, बाईंनी फळ्यावर असंच लिहिलंय."

"बाईंनी किती गणपती केले? एक साचा, सारे गणपती."

पुसलं बिचारीने, कागद फाटेस्तोवर.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सुटल्यावर शेजारची मालू, भूमिकेच्याच वर्गातली, कारखान्यात आली, आणि सगळ्यांसमोर बाईंचा आवाज काढून, "बरोबर उतरवलेलं पुसायला कुणी सांगितलं?" आणि लगेच भूमिकेचा, "कुणी नाय बाई, मीच पुसलं." मग हवेत दोन छड्या मारून दाखवल्या.

सगळे ब्रश थांबले. आता आमच्या कारखान्यात नियम असा, की ज्याची चूक त्याने आपण होऊन नाव सांगायचं आणि गणपतींच्या रांगेपुढे कान धरायचे. नियम कुणाचा? माझा. गेल्याच आठवड्यात रघूने सोंड मोडली, त्याला सोडला का मी? रघू माझ्याकडे बघतोय... मी काय म्हणावं? म्हटलं, "रंग सुकतोय, कामं करा."

लाज वाटली, व्हय. दहा वर्षांच्या पोरीने माझं नाव झाकलं, आणि मी रंगाचं बोलतो.

जेवायला सगळे गेले तसा रांगेपुढे उभा राहिलो. दोनशे गणपती, एकालाही डोळे नाय, डोळे मी शेवटी आखतो, माझ्या हाताने. म्हटलं, हीच वेळ, बघतंय कोण? धरले कान.

मागे डबा वाजला. दारात भूमिका, माझी भाकरी घेऊन, डबा डाव्या हातात.

"माझी चूक, बाय," म्हटलं.

ती काय रडली नाय, गळ्यात पडली नाय. म्हणाली, "रघूकाकाने पाच उठाबशा पण काढलेल्या."

"माझं वय बघ गो."

"एक साचा, सारे गणपती ना, आजोबा?"

काढल्या पाच. तिने मोजल्या. चौथी अर्धवट झाली म्हणून ती परत काढायला लावली.