काटा शून्याच्या खाली

हॅलो?… हो आई, मीच. बोला… नाही, इथे पंखा लावलाय, त्याचा आवाज… हो, आली सगळी मंडळी. टॅक्सी संघटनेचे अध्यक्ष, खजिनदार आणि एक जण नुसतेच आलेत… बसलेत. चहा दिला. बिस्किटं खजिनदारांनीच संपवली… तुम्ही कुठपर्यंत पोचलात?… अरे वा, मग आलाच की. गाडी रोलरवर चढवायची, ताकद मोजायची, मंडळींना आकडा दाखवायचा, झालं… काय केलंत?

…

थांबा. परत सांगा… टाकी फुल केलीत… हो, रिकाम्या टाकीने गाडी कुणाच्या दारात नेऊ नये. ठाऊक आहे मला. ड्रायव्हिंग स्कूल चालवत होतात तेव्हापासूनचा तुमचा नियम… चांगलाच आहे हो नियम. पण भरलंत काय?

…पेट्रोल.

नाही, रागावले नाही. खाली बसले जरा… खुर्च्या मंडळींना दिल्यात ना, टायरवर बसले… अहो आई, पण गाडी आता इथेनॉलवर आहे… हो, तो पंप बंद होता, मान्य… जेवायची सुट्टी… बरं… नाही, तुमचं मन साफ आहे, त्याबद्दल वादच नाही. टाकीत आधीचं किती होतं?… तळाला. म्हणजे आता सगळा कारभार पेट्रोलचाच.

गाडी चालू आहे का आत्ता?… आणि फोन कोणाच्या हातात?… बाबांच्या. स्पीकरवर. हे एक बरं झालं. बाबा, नमस्कार… हो, जेवले… आई, सगळ्यात आधी ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करा… आणखी हलका… सांगते ना का ते. ऐका तरी.

हे बघा, इथेनॉल दाब सोसतं. म्हणून मी तुमचा टर्बो चढवून ठेवलाय. तो इंजिनात हवा कोंबतो, पहिल्यापेक्षा खूप जोरात. पेट्रोलला तेवढा दाब सोसत नाही. ते वेळेआधीच पेटतं. म्हणजे पिस्टन बिचारा वर यायला निघालाय आणि डोक्यावर घण बसतो… हो, फुटतो… हो, तुमच्याच गाडीचा… आता टाकीत काय आहे हे ओळखणारा एक सेन्सर असतो, पण तो अजून यायचाय. तोवर ती गाडी भोळी आहे. तिला वाटतंय इथेनॉलच आहे.

ओढून आणायची का? मी दोरी घेऊन माणूस पाठवते… बरं… बरं आई… नाही, राहिलं… हो, तुमच्या गाडीला आजवर कोणी दोरी लावलेली नाही आणि तुमच्या डोळ्यांदेखत लावणार नाही. विषय संपला.

मग असं करू. बाबा, तुमच्या बाजूच्या खांबावर, काचेला लागून, मी एक गोल मीटर बसवलाय… घड्याळ नव्हे. ट्यूनिंग करताना लॅपटॉप घेऊन मी तिथे बसते, म्हणून त्याचं तोंड तुमच्याकडे आहे. आईंना तो दिसत नाही. त्यात काटा आहे बघा. मधोमध शून्य… सापडलं? काटा शून्याच्या खाली असला की टर्बो झोपलाय. वर गेला की जागा झाला. त्याला जागं करायचं नाही. काटा वर निघाला की तुम्ही आईंना सांगायचं, आईंनी पाय उचलायचा. एवढंच… नाही हो, सोपं आहे. चाळीस-पन्नासने आरामात याल.

एक मिनिट हं… काय म्हणालात साहेब?… हो, सासूबाईंचा फोन. गाडी त्यांचीच… निघालीये, वाटेतच आहे. आणखी चहा घ्या ना…

हां आई… मागून काळा धूर? येणारच. इथेनॉल जास्त लागतं म्हणून इंजेक्टर मोठे बसवलेत. आता तेवढ्याच धारेने पेट्रोल ओततायत ते. ढेकर दिल्यासारखा आवाज येईल… आला?… दुसराही आला. येऊ दे. प्लग काळे होतील, ते मी घासते. धुराने कोणी मरत नाही… म्हणजे मागच्याला खोकला येईल, हॉर्न वाजवेल. वाजवू द्या.

काटा कुठेय बाबा?… वर? चाळीसला?… बरं, आई, थोडं कमी करा… आता?… अजून वर? तीसला? शक्य आहे, आईंचा पाय तसा जडच… अहो, वाईट अर्थाने नाही म्हटलं… वीस करून बघा.

आई, मी एक बोलू का? हे गॅरेज टाकलं तेव्हा कोणी गाडी द्यायला तयार नव्हतं. तुमच्या मुलाने तर स्वतःची स्कूटर मित्राकडे नेऊन ठेवली, सुट्टीच्या दिवशी मी उघडून बसेन म्हणून. तुम्ही मात्र किल्ली काढून माझ्या हातावर ठेवलीत, वर काही विचारलंसुद्धा नाही. ते इंजिन फुटलं तर या मंडळींसमोर लाज जाईलच, पण मला वाईट वाटेल ते तुमचं वाटेल… बरं, नाही बोलत. रस्त्याकडे बघा.

कोणी ओव्हरटेक केलं?… सायकलवाल्याने. असू दे… मागे पोतं बांधलेलं होतं? असू दे ना आई… बाबा काय म्हणतायत? कुठला दवाखाना?… तो तिथे पहिल्यापासून आहे बाबा, तुमचा दातांचा डॉक्टर तिथेच बसतो… रोज जाता त्या रस्त्याने… झाडं? हो, असतील जांभळ्या फुलांची. काटा बघा, काटा… वर? वीसला सुद्धा?

अगं बाई, आता कोणी?… कोण ती?… रिव्हर्स टाकून तुमच्या ऑफिसात शिरली होती ती? टेबल मोडणारी?… तिने ओव्हरटेक केलं… हात दाखवला म्हणजे नमस्कार केला असेल हो. तुमची विद्यार्थिनी ती… आई, नाही. आई, पाय. पाय उचला. तुम्हाला माझी शपथ… थँक्यू. मला कळतंय किती जड गेलं ते.

एक सेकंद… हो अध्यक्षसाहेब, पाहा ना, हीच ती ट्यूनिंगची फाईल. इथे हवा, इथे इंधन… हो, थोडा उशीर होतोय. ट्रॅफिक… मीटिंग आहे का तुमची? तोवर येईलच… बसा ना…

आई, उताराला लागलात ना? पाय पूर्ण उचलून घ्या, गाडी आपोआप येईल… बाबा, काटा?… वर.

…उतारावर. पाय उचललेला असताना… बरं.

नाही, काही नाही. विचार करत होते… काय झालं, थांबलात का?… सिग्नल. तीच पुढे उभी आहे?… आई, उतरू नका. आई, तिला इंडिकेटर द्यायचा होता की नव्हता हे आज नाही शिकवलं तरी… बाबा, उतरल्या का?… गेल्या.

बाबा, स्पीकर बंद करा. कानाला लावा फोन… एकटेच आहात ना? मला सांगा, आत्ता काटा कुठेय?… अजून वर. जरासा… बाबा, आई इंजिन बंद करून उतरल्यात. मला आवाज येत नाहीये इंजिनाचा. बंद गाडीचा टर्बो जागा कसा होईल?… हं… बाबा, पाय उचलल्यावर काटा खालीच पडतो. तो काटा काही तुमच्या मनाने वर जात नाही… आता खरं काय ते सांगा.

…हं… हं…

लग्न झाल्यापासून?… आईंच्या स्पीडच्या भीतीने? म्हणजे गाडीत एकदाही डोळे उघडले नाहीत?… अहो, मला वाटायचं तुम्हाला गाडीत झोप लागते… घट्ट मिटून. बरं… तरीच तुमच्या दारावरचं ते धरायचं हँडल मी दर सर्व्हिसिंगला नवीन टाकते. मला वाटलं माल खराब येतोय… हो, आज दिसला तुम्हाला दवाखाना… आणि घड्याळवाल्याचं दुकान… आणि एका घराच्या गच्चीत मांजर. कळलं.

बाबा, माझी अडचण पण ऐका. अध्यक्ष घड्याळ बघतायत. ही मंडळी हो म्हणाली तर त्यांच्या सगळ्या टॅक्सी माझ्याकडे येतील इथेनॉलवर करायला. उठून गेली तर या गॅरेजला कुलूप. मग मी परत त्या शोरूममध्ये, हसत हसत सीट कव्हर विकणार… नाही, तुम्हाला दोष देत नाही. पण काटा खरा वाचा आता. चाळीसने सुद्धा झाडं दिसतात… दिसतील हो. जरा पटापट दिसतील… नाही सांगत आईंना. माझा शब्द… आल्या वाटतं. लावा स्पीकर.

आलात आई? काय म्हणाली ती?… रडली? इंडिकेटरवरून? अहो… आणि मागे एवढे हॉर्न कसले?… सिग्नल कधीच सुटला होता. बरं… चला, गाडी काढा. बाबा, काटा?… खाली. एकदम खाली. हे छान झालं. बहुतेक टर्बोला विश्रांती मिळाली… तसं होतं कधीकधी आई, हो. आता वाढवा स्पीड. तीस… चाळीस…

वाढवला का?… मला आवाज तसाच येतोय… किती आहे?… पंधरा. आई, काटा खाली आहे, वाढवा की… कडेला का घेताय? काय झालं?… टाकीचं झाकण? तुम्हीच तर लावलंत ना पंपावर… बाबांना कशाला पाठवताय बघायला?

…अच्छा. मुद्दाम पाठवलंत. बोला.

…

तुम्हाला माहीत होतं?… कधीपासून?… पहिल्यापासून. कसं काय, मीटर तर तिकडे… शिट्टी. खरंच की. टर्बो जागा झाला की शिट्टी घालतो, आणि आज एकदाही ऐकू आली नाही. तुमच्या कानापुढे तो मीटर कशाला बसवला मी… मग आई, मला का नाही सांगितलंत? सायकलवाला पुढे गेला, ती टेबलवाली पुढे गेली, तुम्ही गप्प?

…हं.

…कधीच नाही?… गाडीत एक शब्दसुद्धा नाही? मला वाटायचं बाबा मुळातच अबोल… आणि आज सारखे बोलतायत. दुकानांच्या पाट्या वाचून दाखवतायत तुम्हाला… हो, मांजराचं मलाही सांगितलं… एवढी सगळी वर्षं जोडीने फिरलात आणि तुम्ही एकट्याच होता म्हणजे… नाही आई, चूक कसली. त्यांनी तरी कुठे तोंड उघडलं.

मी म्हटलं तर दहा मिनिटांत?… याल की, टर्बोला न उठवता तुम्ही एवढी गाडी पळवू शकता हे मला पटतंच… मी ठरवू?… माझं गॅरेज आहे म्हणून मी ठरवू. बरं.

…

अध्यक्ष उभे राहिलेत आई. खजिनदार रुमाल घडी करतायत. ते तिसरे अजून बसलेत, पण त्यांचं काय, त्यांना कोणी विचारतच नाही…

हळूच या.

हो, पंधराने. दहाने आलात तरी चालेल… मंडळींचं मी बघते… काय करणार म्हणजे? शटर खाली ओढते… हो, आतून. किल्ली माझ्या खिशात… सांगेन अडकलंय म्हणून. गॅरेजचं शटर अडकतं हे कोणालाही पटतं… नाही मारत ते मला. चहा आहे ना. आणि एकदा तुमचं पेट्रोल उपसलं, इथेनॉल भरलं आणि गाडी रोलरवर शिट्टी घालायला लागली, की हेच लोक निघायचं नाव घेणार नाहीत. इंजिन धड आहे, आकडा येणारच.

आले का बाबा?… झाकण घट्ट आहे म्हणतायत? शाबास बाबा… आणि काय दिसलं?… मागे नदी आहे? तिथून दिसते?… आई, ऐकलंत का, बाबांना नदी सापडलीये…

अहो अध्यक्षसाहेब, तिकडे कुठे निघालात, ते शटर जरा… आई, ठेवते मी. दारात आलात की हॉर्न द्या, उघडते… आणि हे बघा, बाबांची हौस फिटली नसेल तर दारावरून तसेच पुढे जा. नदीवर एक चक्कर मारून या. ठेवते.