बरी आहे

दवाखान्यातल्या बाकावर मास्तर गुडघा चोळत आपल्या नंबराची वाट बघत होते. शेजारी एक उतारवयाची बाई आणि तिची लेक. लेकीच्या मांडीवर लॅपटॉप.

“आता काय बिघडलं गं?”

“आमची एपीआय, आई. तिकिटाचं ॲप सगळं तिलाच विचारतं. सकाळपासून एक तिकीट निघालं नाही, आणि आम्हाला पत्ताच नाही.”

“असं कसं?”

“दर मिनिटाला तिला विचारतो, बरी आहेस ना? ती म्हणते, बरी आहे.”

“खोटं बोलते मेली?”

“विचारलं की नुसतं ‘बरी आहे’ म्हणायचं, असं मीच लिहिलं होतं. एका ओळीचं काम. म्हटलं, खरी तपासणी नंतर घालू. ते राहूनच गेलं.”

“मग आता?”

“आता आधी तिकिटांच्या नोंदींचा डेटाबेस जागा आहे का ते बघेल, मगच तोंड उघडेल.”

“हे आधीच करायचं नाही का? कामाचा कंटाळा, दुसरं काय.”

दार उघडून डॉक्टरीणबाई डोकावल्या.

“या मावशी. काय होतंय?”

“काही नाही हो, बरी आहे. हिनेच ओढून आणलं.”

लेकीने लॅपटॉप मिटला.

“डॉक्टर, तुमचा एक जिना चढताना ती तीनदा थांबली.”