सेक्रेटरींचा कुत्रा

...आणि वर त्या नर्सबाई मलाच विचारतात, "कुत्रा पाळीव की भटका?" आता आली का पंचाईत! पाळीव म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला, "मग लस दिली असेल?" भटका म्हणावं, तर शेजारी उभी असलेली आमची कामवाली भामा बोंब ठोकणार, "खोटं बोलतायत सायेब! यांच्याच पलंगावर झोपतो त्यो!" झोपायचा. आता कुठला झोपतोय...

तुम्हाला सांगतो, काही करत नाही तो! हे वाक्य मी गेली चार वर्षं दिवसातनं पन्नास वेळा म्हटलंय. कुरियरवाला लिफ्टच्या भिंतीला पालीसारखा चिकटलाय, आमचा बाबू त्याच्या खिशाचा वास घेतोय, आणि मी आपला शांतपणे, "घाबरू नका हो, काही करत नाही तो!"

आणि हे म्हणणारा मी कोण? नवीन पनवेलातल्या अठ्ठेचाळीस फ्लॅटांच्या सोसायटीचा सेक्रेटरी, दीनानाथ! रिटायर्ड माणूस, वेळच वेळ, म्हणून नियमच नियम. कुत्र्यांना रेबीजची लस द्यायचं शिबिर मीच भरवलं बरं का! मांडव मी घातला, नारळ मी फोडला, माईक धरून पाऊण तास बोललो, "बंधूंनो, भगिनींनो, रेबीज एकदा झाला की औषध नाही, घरातला कुत्रा म्हणून गाफील राहू नका..." काय टाळ्या! एकतीस कुत्री टोचून झाली. आणि बाबू? बाबू वरती एसीत! सकाळीच कुमुदनं, म्हणजे आमच्या हिनं, त्याला शांपू लावून अंघोळ घातलेली. "अहो, त्या गर्दीत कुठं नेता त्याला, पिसवा लागतील. शेवटी आणू." शेवटी मी गुंतलो डॉक्टरांना जेवायचा आग्रह करण्यात, आणि डॉक्टर गेले श्रीखंड खाऊन. पुढे सगळ्यांची लसीची कार्डं तपासायची कुणी? सेक्रेटरीनं. मग बाबूच्या दोन वर्षांपूर्वीच्या, मुदत संपलेल्या कार्डावर 'पाहिले' म्हणून सही ठोकली कुणी? सांगायला हवं का!

पुढे एका रविवारी कर्नाळ्याजवळ हायवेवर चहाला थांबलो, तिथं एका मरतुकड्या कुत्र्यानं बाबूच्या नाकाला चावा घेतला. दोन थेंब रक्त. कुमुदनं हळद लावली. विषय संपला... असं आम्हाला वाटलं.

दीड महिन्यानं बाबू पलंगाखाली जाऊन बसला. उजेड नको, हाक नको. भुंकला तर आवाज असा, की घसा बसलेलं माणूस रडतंय. मी म्हटलं, एसीनं सर्दी झाली! तोंडातून लाळेची तार सुटलेली, मी म्हटलं, दाढ दुखत असेल! गोळी द्यायला घशापर्यंत हात घातला मी त्याच्या. ह्याच हातानं. बोटं खरचटलेली होती.

आणि त्याच सकाळी भामा आली. शिरढोणच्या पुढच्या पाड्यावरनं येते, नऊ वर्षं आहे आमच्याकडे. तिनं पलंगाखाली झाडू घातला आणि त्यानं... गुरगुर नाही, काही नाही, सरळ मनगट धरलं!

"आई गं! सायेब, चावला!"

मी काय म्हणालो असेन? "काही करत नाही गं तो, दचकला असेल!"

"रगत आलं, आनि काय करत नाय?" असं म्हणत कमरेच्या पिशवीतला चुना चोळून ती गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला मनातून कळलं होतं हो! पण मनातलं ओठावर आलं, की नोटीसबोर्डावर जाणार. सतरा घरी काम करते ती. सेक्रेटरीच्याच कुत्र्याला लस नाही, हे सतरा घरी... मी गप्प बसलो. एक बाई मरणाच्या दारात असेल, आणि मी अब्रू सांभाळत बसलो.

चौथ्या दिवशी बाबू गेला. प्राण्यांचे डॉक्टर हातमोजे घालून दारातच उभे. कार्ड पाहिलं, माझी सही पाहिली, मग माझ्याकडे. "रेबीजच हा. माणसाला झाला ना, तर तो पाणी मागतो, आणि पेला समोर आला की त्याचा घसा आवळतो. तिथून परत आणता येत नाही. कुणाला चावला होता?"

भामाचा फोन बंद! काढली स्कूटर, गाठला पाडा. भामा दारात कोलंबी सोलत बसलेली, मनगटाला चिंधी. पुतण्याचा साखरपुडा होता म्हणे. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शिबिर, कार्ड, सही, सगळं.  तिनं हातातली कोलंबी सोलून पुरी केली. मग म्हणाली, "म्हंजे तुमाला ठाव व्हतं, आनि तुमी बोल्ला नाय?"

 काही करत नाही तो, म्हणू?

सरकारी दवाखान्यात तिचं मनगट पंधरा मिनिटं साबणानं धुतलं, मग जखमेतच इंजेक्शन. ती किंचाळली, ते मला अजून ऐकू येतं. मग दोघांच्या दंडात सुया. आणि त्या नर्सबाईंनी लिहिलं, 'पाळीव. लस नाही.' डॉक्टर म्हणाले, "सगळे डोस पुरे करा, घाबरू नका. पण चावल्याबरोबर धुऊन त्याच दिवशी यायला हवं होतं." डॉक्टरांचा तो 'पण' माझ्याबरोबर स्कूटरवर बसून घरी आला.

डोस झाले. दोघांचेही. भामा कामावर येते. सेक्रेटरीपदाचा राजीनामा दिला, टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. आता रोज सकाळी आठला आम्ही दोघं ओट्याशी समोरासमोर उभे राहतो, हातात एकेक पेला पाणी, नजर एकमेकांच्या गळ्यावर. "सायेब, आदी तुमी." "छे छे भामा, आधी तू." मागे दूध उतू जातं, कुमुद ओरडते... पण आधी कोण पिणार, यावर आजतागायत ठराव झालेला नाही.