अर्जातला 'रिलीव्ह'

तुम्हांला सांगते, एका इंग्रजी शब्दापायी माझी नोकरीच गेली होती! आमगावच्या एका राइस मिलमध्ये मी इंग्रजी पत्रं लिहायचे. सोबतचा क्लार्क सोडून गेला आणि त्याचंही काम माझ्यावर आलं. ओझं हलकं करा, असा अर्ज द्यायचा होता. शब्दकोशात 'रिलीव्ह' सापडला, म्हणजे भार हलका करणे. भारदस्त वाटला. 'काइंडली रिलीव्ह मी' असं लिहून दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते, तर माझ्या खुर्चीवर अनोळखी मुलगी!

"ताई, तुमी काम सोडून राहिल्या ना? मले आजपासून बोलावलं जी."

 तशीच मिलच्या सेठकडे धावले.

"सेठजी, मले काऊन काढून राहिले?"

"मैंने कहाँ निकाला? तुमने ही लिखा, रिलीव्ह करो, मतलब नौकरी से छुट्टी दो. मैंने मंजूर कर दिया."

"अजी, मी काम कमी करा म्हटलं! नोकरी नाही सोडून राहिली!" मला रडूच फुटलं.

 मग सेठ मंजुरीचा कागद टराटरा फाडून म्हणाले, "लड़की को अब वापस नहीं भेजूँगा. आधा काम इसको दे दो. और मॅडम, मेरे को चिठ्ठी मराठी में लिखा करो."