भिंतीतली भोकं

रेवस बंदरावर मोटारीची वाट पाहत शिवदास मास्तर ट्रंकेवर बसले होते. अलिबागपुढच्या एका गावी, नव्या शाळेवर त्यांना रुजू व्हायचं होतं. रांगेत पुढे उभे असलेले वाडीवाले अण्णा आणि मचव्याची मालकीण केसर त्याच शाळेबद्दल बोलताहेत हे कळलं, तसे ते कान देऊन ऐकू लागले.

“कुंपणाच्या विटा कधी आणतेस, केसर?”

“आधीच्या विटांचं काय केलंत ते सांगा, अण्णा. आमच्याच मचव्यातून फुकट आणल्या त्या.”

“शाळा बांधली की.”

“शाळेत मधोमध भिंत घातलीत. आमची पोरं पलीकडं.”

“अगं, मासळीचा वास येतो म्हणून लोक कुरकुरतात. पण भिंत बंद ठेवली नाही. विटांची मुद्दाम जाळी केलीय. मास्तर बोलतील ते सगळं ऐकू जाईल.”

“आन फळा?”

“फळा एकच आहे. तो अलीकडं.”

“म्हंजी आमच्या पोरांनी भोकाला कान लावून अक्षरं शिकायची.”

“होईल गं सगळं हळूहळू.”

“विटा पायजे होत्या तवा हळूहळू न्हवतं. भरती चुकंल म्हणून पहाटे दारात आला व्हतात. तवा वास न्हाय आला?”

“ते राहू दे. कुंपणाचं बोल.”

“कुंपणाच्या विटा काल कोळीवाड्यात उतरवल्या. तिथं आमी शाळा बांधतोय. तुमची पोरं आली तर त्यांच्यासाठीबी भोकं ठेवू.”

मोटार आली. अण्णा चढले. मास्तर ट्रंक उचलून केसरपाशी आले.

“बाई, तुमच्याकडे फळा आहे?”