स्टेशनचा सरळ रस्ता

नांदेडच्या फलाटावर मी निजाम सरकारच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर बसलेल्या एक बाई फुलवाल्या म्हातारीशी हळू आवाजात बोलत होत्या.

"मावशी, तो मोठा हार द्या."

"घ्या की, बाईसाहेब. कुणासाठी?"

"आमच्या साहेबांसाठी. ते फाटकापाशी उभे आहेत ना, रुमी टोपीवाले. आज नोकरी संपली, आता वजिफ्यावर, पेन्शन घेऊन, उमरीला निघालोत."

"वळखते की. गावाचे रस्ते-गटारं बघणाऱ्या बलदियाचे मोठे साहेब."

"साधे मुन्शी म्हणून लागले होते. मागचे साहेब नोकरी संपवून गेले तेव्हा निरोपाला इतके लोक, ह्या फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती."

"आन आज?"

"लोक येतील, येतील म्हणून सकाळपासून रस्त्याकडं बघून राहिलेत. मावशी, तुम्हीच घाला हा हार त्यांच्या गळ्यात. म्हणा, गावानं पाठवलाय."

"हार तसाच न्या, पैसे नगं. पर माझ्या हातानं न्हाई घालायची."

"का हो?"

"ह्या ठेसनाच्या रस्त्यावर माझं घर होतं. रस्ता सरळ कराया साहेबांनी पाडलं."

"शहराच्या भल्यासाठीच केलं हो त्यांनी."

"आसंल."

"मग निदान एवढं तरी सांगा, लोक निघालेत, वाटेत आहेत म्हणून."

"कसं सांगू, बाईसाहेब? माझं घर होतं तवा तिथं वळण होतं. वळणामागून कुणी येत आसंल, आसं म्हणता आलं आसतं. आता हितून पार चौकापतुर दिसतंय. साहेबांलाबी दिसून राहिलंय."