परतीची खूण

ब्लाझेना : वेंदा, रंग ओघळतोय बघ. दगड ओला आहे.

वेंदेलीन : ओघळू दे, वहिनी. दगडावर करडा रंग, तो बघायला कोण येणार आहे? वाटच बंद झाली.

ब्लाझेना : तुझ्या भावाने ओल्या दगडाला ब्रश लावला नसता. वाळूचा दगड ऊन खाल्ल्याशिवाय रंग धरत नाही, हे सांगून सांगून माझं डोकं खाल्लं त्याने.

वेंदेलीन : ओटाचं वेगळं होतं. त्याला खुणा रंगवायच्या असायच्या, मला पुसायच्यात. कडा ढासळला, हाव्रान किल्ल्याची वाट बंद, सगळ्या लाल पट्ट्या झाकून टाका असा डोंगरवाटा सांभाळणाऱ्या मंडळाचा निरोप. आणि माझा जोडीदार नेमका कंबर धरून बसला. तुम्ही आलात म्हणून जमलं. एकट्याने जायचं नाही असा नियमच आहे.

ब्लाझेना : नियम ओटाच्या वेळेलाही होता.

वेंदेलीन : त्याने कधी कोणाचं ऐकलंय? रंगाचा एवढासा डबा घेतला आणि म्हणाला, दुपारच्या सूपला येतो.

ब्लाझेना : सूप रात्रीपर्यंत चुलीवर ठेवलं होतं मी. पुढची खूण कुठली?

वेंदेलीन : त्या पाइनच्या झाडावर. वर जाणाऱ्याची या अंगाला, परतणाऱ्याची त्या अंगाला. तुम्ही मागची घ्या.

ब्लाझेना : परतीची तो आधी रंगवायचा. माणसाला आत पाठवायचं तर आधी बाहेर काढायची सोय करा, म्हणायचा. जाण्याची विसरली तर माणूस फार तर घरी जाईल.

वेंदेलीन : मला पण हेच शिकवलं त्याने. आणि किती शिव्या घालून. दमलात का? हा शेवटचा चढ.

ब्लाझेना : चढाचं काही नाही. उतरताना रडायचा तो गुडघा धरून. दर वळणावर थांबायचा आणि म्हणायचा, जरा हळू, बाईसाहेब.

वेंदेलीन : झालं. हा दरवाजा. म्हणजे दरवाजा होता तेव्हा. इथला लुटारू सरदार कुठे बसायचा माहिती आहे? त्या कोरलेल्या खिडकीत. धुकं पडलं की खालच्या घळीत कंदील टांगायला माणसं पाठवायचा. मिठाचे गाडीवान उजेड बघून वाट सोडायचे आणि घळीत जायचे ते गाडीबैलांसकट.

ब्लाझेना : शाळेत असल्यापासून ऐकतेय ती गोष्ट. ब्रश खाली ठेव जरा.

वेंदेलीन : एवढी एकच राहिलीय, दरवाजावरची. मग पाव आणि चरबी खाऊ, कांदा आणलाय मी.

ब्लाझेना : ही राहू दे.

वेंदेलीन : वहिनी…

ब्लाझेना : मदतीला आले नाही मी, वेंदा. हे सांगायलाच आले. सगळ्या पुसल्यास, मी हात लावला, अडवलं नाही. ही एक राहू दे. तीन वर्षं झाली, सापडला नाही तो. खूणच नसेल तर खाली कसा येईल?

वेंदेलीन : तीन वर्षांनी माणूस खाली येत नाही हो.

ब्लाझेना : मला कळत नाही का ते? तरी मागतेय.

वेंदेलीन : बरं. माझा रंग संपला असं लिहीन. बसा आता. कांदा जाड चिरू की पातळ?

(परतीच्या वाटेवर. पाऊस भुरभुरतोय, खडकांमध्ये धुकं उतरलंय.)

वेंदेलीन : हा खडक मघाशी बघितला आपण.

ब्लाझेना : इथे सगळेच खडक मघाशी बघितल्यासारखे दिसतात. डावीकडे जायचं की उजवीकडे?

वेंदेलीन : तेच तर. आयुष्यभर लोकांना वाट दाखवली आणि आज स्वतःच्या हाताने सगळ्या खुणा झाकल्या, परतायचंय याचा विचारच नाही केला. कोणाला सांगू नका. खानावळीत जगू देणार नाहीत मला.

ब्लाझेना : वेंदा, तिथे लाल आहे.

वेंदेलीन : कुठे?

ब्लाझेना : त्या खांबासारख्या खडकावर. पांढरा, लाल, पांढरा. ही राहिली कशी आपली?

वेंदेलीन : राहिली नाही. इथून आपली वाट जातच नाही. हात नका लावू.

ब्लाझेना : ओला आहे.

वेंदेलीन : पावसाने.

ब्लाझेना : रंग ओला आहे. बोट बघ माझं. आणि पुढे अजून एक आहे, ती बघ, बर्चच्या झाडावर. ओटा आहे हा.

वेंदेलीन : वहिनी, ती वाट घळीत उतरते. पुढे जमीनच नाही.

ब्लाझेना : मग तिथेच पडला असेल तो. तुम्ही सगळ्यांनी वर शोधलात, खाली कोण गेलं होतं? बोलावतोय मला. सोड बाही.

वेंदेलीन : नाही सोडणार. भाऊ गेला, आता तुम्ही पण जा, आणि मी खाली जाऊन तुमच्या मुलीला काय सांगू? मला भीती वाटतेय, वहिनी.

ब्लाझेना : त्याचा हात ओळखते मी. वरची कड बघ, कशी सरळ आहे. बर्चवर पण तसंच असेल. मागच्या बाजूला तर तो…

वेंदेलीन : काय झालं?

ब्लाझेना : मागे काही नाही.

वेंदेलीन : नीट बघा.

ब्लाझेना : हात फिरवला मी. नुसता दगड आहे, शेवाळ आहे. परतीची नाही केलेली.

वेंदेलीन : बर्चवर पण नाही. इथून दिसतंय.

ब्लाझेना : ओटा असं करणार नाही. मला तर नाहीच नाही.

वेंदेलीन : चला इथून. हाही त्या सरदाराचा कंदीलच.

ब्लाझेना : केवढं बरं वाटलं होतं रे मला. एवढा वेळ वाटलं, मला न्यायला आला.

वेंदेलीन : रडा, पण चालता चालता रडा. आलो तसे मागे जाऊ. फाट्यावरचा तो खडक… वहिनी, वर बघा.

ब्लाझेना : करडा रंग गेला की.

वेंदेलीन : धुऊन गेला सगळा. दगड ओला होता ना. खालची लाल पट्टी जशीच्या तशी आहे. परतीची.

ब्लाझेना : ती मात्र त्याचीच. त्याचा रंग बसलेला असायचा. पुढची दिसतेय का?

वेंदेलीन : दिसतेय. पाइनवर. आणि त्याच्या पुढची पण. हात द्या. मागे बघू नका.

ब्लाझेना : का?

वेंदेलीन : मागून कोणीतरी येतंय.

ब्लाझेना : घळीकडून?

वेंदेलीन : कळत नाही. मघापासून ऐकतोय.

ब्लाझेना : फाट्यावरच्या खुणेपर्यंत येऊ दे. घळीतला असेल तर तिथून वळेल, ओटाच्या खुणांशी त्याचं काय काम? चालत राहा.

वेंदेलीन : खुणेपाशी थांबला.

ब्लाझेना : वळला?

वेंदेलीन : नाही. पुढे आला. पाइनपर्यंत आलाय.

ब्लाझेना : चाल कशी आहे?

वेंदेलीन : थांबून थांबून. एक पाय जपून टाकल्यासारखी.

ब्लाझेना : मग जरा हळू चाल, वेंदा. उतारावर गुडघा दुखतो त्याचा.